अक्षरापूर्वी नाद : ताल आणि हालचालींतून लहान मुलांना ध्वनींची ओळख

चार वर्षांच्या मुलाला 'कमळ' हा शब्द ठाऊक असतो. तो त्याला उच्चारता येतो आणि चित्रातील कमळ बोटाने दाखवताही येते. मात्र हा शब्द तुकड्यांचा बनलेला आहे, त्या तुकड्यांना स्वतंत्र नाद आहे आणि तेच नाद 'कपाट' किंवा 'मका' या शब्दांतही भेटतात, याची त्याला कल्पना नसते. त्याच्या लेखी शब्द आणि वस्तू एकच. पाटीवर 'क' काढून दाखवला म्हणजे ही जाणीव आपोआप येईल, असे गृहीत धरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळखीचा आरंभ होत आला आहे. बालशिक्षणाच्या क्षेत्रात आता हे गृहीतक मागे पडत असून, अक्षर डोळ्यांना दाखवण्यापूर्वी त्याचा नाद कानाला आणि अंगाला कळावा, यावर भर दिला जात आहे. टाळी, ठेका, गाणे, चालणे, उड्या मारणे ही त्यासाठीची साधने आहेत.

हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राच्या चर्चेपुरता मर्यादित नाही. ग्रामीण भारतातील मुलांच्या शैक्षणिक स्थितीची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालानुसार, तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०२२ मध्ये २०.५ टक्के, तर २०२४ मध्ये २७.१ टक्के होते. सुधारणा दिसत असली तरी सुमारे तीन चतुर्थांश मुले या पातळीच्या अलीकडेच अडखळत होती, असा याचा अर्थ होतो. या अपयशाची कारणे अनेक आहेत. तथापि, लिहिलेले चिन्ह आणि बोललेला ध्वनी यांची सांगड मुलाच्या मनात वेळेवर न बसणे, हे त्यांतील एक प्रमुख कारण होय.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा वयोगट 'पायाभूत स्तर' म्हणून प्रथमच शालेय रचनेत समाविष्ट करण्यात आला. त्यापाठोपाठ ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियानाची सुरुवात झाली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा जाहीर करण्यात आला आणि २० फेब्रुवारी २०२३ रोजी खेळ, कोडी, बाहुल्या व गोष्टींचा समावेश असलेला 'जादुई पिटारा' हा संच सादर झाला. गाणी, बडबडगीते आणि अंगविक्षेप यांना या साऱ्यात अधिकृत स्थान आहे. मात्र गाण्याने नेमके काय साधते, याचे उत्तर वर्गावर्गांत वेगवेगळे मिळते. पुष्कळ ठिकाणी गाणे म्हणजे अभ्यासाआधीची करमणूक, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो.

जन्मापूर्वीपासून ऐकणारा कान

मुलाचे ऐकणे शाळेत सुरू होत नाही. गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत गर्भाला आवाज ऐकू येऊ लागतात. आईच्या उदरात पोहोचणारा बोलण्याचा आवाज अस्पष्ट असतो. शब्दांतील बारकावे गळून पडतात, पण बोलण्याचा चढउतार आणि ठेका उरतो. म्हणजेच, भाषेची मुलाला होणारी पहिली ओळख तिच्या लयीची असते. नवजात बालके इतर स्त्रियांच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतात, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात आढळून आले होते.

भारतीय वाचकांना विशेष वाटावा असा एक प्रयोग कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील फरक इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना ओळखता येत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फार थोड्यांना तो ओळखता आला. हिंदी घरांतील त्याच वयाच्या बाळांची ही क्षमता कायम होती. कान कोणत्याही भाषेसाठी तयार होऊन येतो आणि भोवतालच्या भाषेसाठी धारदार होत जातो. जे कानावर पडत नाही, त्याची धार बोथट होते.

शरीराच्या हालचालीचा ऐकण्यावर परिणाम होतो का, हा यापुढचा प्रश्न. जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर या संशोधिकांनी २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याविषयीचा प्रयोग मांडला. कोणत्याही ठोक्यावर जोर नसलेला एकच ठेका सात महिन्यांच्या बाळांना ऐकवण्यात आला. त्या वेळी काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला, तर काहींना दर तिसऱ्या ठोक्याला हातांवर झुलवण्यात आले. नंतर जोर असलेले दोन ठेके ऐकवले असता, ज्या बाळाला जसे झुलवले होते तसाच ठेका त्याने अधिक वेळ ऐकणे पसंत केले. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बाळांतही हेच दिसले. दुसऱ्याला झुलताना केवळ पाहणाऱ्या बाळांत मात्र ते दिसले नाही. बाळाला मांडीवर घेऊन थोपटणाऱ्या आजीला या प्रयोगाची गरज नव्हती, हे खरे. परंतु वर्गात मुलांना हात बांधून बसवणाऱ्या व्यवस्थेने त्याची दखल घ्यायला हवी.

टाळी कुठे वाजवायची?

बोललेल्या शब्दाचे तुकडे ओळखता येणे, याला तज्ज्ञ 'ध्वनिविषयक जाणीव' म्हणतात. अमेरिकेतील इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये तिचे मोजमाप एका साध्या खेळाने केले. मुलाने शब्द उच्चारायचा आणि त्यात जितके तुकडे असतील तितक्या वेळा लाकडी दांडीने टेबलावर ठोकायचे. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना शब्दातील उच्चारखंड ठोकून दाखवता आले. सुटे वर्ण मात्र त्यांतील एकालाही वेगळे करता आले नाहीत. पहिलीच्या अखेरीस उच्चारखंडांत ९० टक्के, तर वर्णांत ७० टक्के मुले यशस्वी झाली. ब्रिटनमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी सुमारे ४०० मुलांचा काही वर्षे मागोवा घेऊन १९८३ मध्ये निष्कर्ष मांडला की, शाळेत येण्यापूर्वी ज्यांना यमके आणि समान आद्यध्वनी ओळखता येतात, ती मुले पुढे वाचनात सरस ठरतात.

इंग्रजी लिपीत एक चिन्ह साधारणपणे एका वर्णाचे, त्यामुळे तेथील मुलाला वाचनासाठी सुट्या वर्णांपर्यंत लवकर पोहोचावे लागते. भारतीय लिपी याबाबतीत मुलाला अधिक जवळच्या आहेत. 'का', 'मी', 'तू' ही चिन्हे पूर्ण उच्चाराची आहेत. प्रत्येकावर एक टाळी वाजवता येते. चार वर्षांच्या मुलाला जे नैसर्गिकरीत्या जमते, त्याच्या आसपासच देवनागरी, कन्नड, बंगाली किंवा तेलुगू लिपीची रचना आहे.

आसपास म्हणण्याचे कारण असे की, लिहिलेले अक्षर आणि बोललेला तुकडा प्रत्येक वेळी जुळतात असे नाही. 'आई', 'मामा', 'पाटी' या शब्दांत दोन अक्षरे आणि दोनच उच्चार आहेत. 'कमळ' मात्र लिहिताना तीन अक्षरांचा आणि बोलताना 'क-मळ' असा दोनच ठोक्यांचा होतो. 'घर' तर एका ठोक्याचा आहे. 'पुस्तक' बोलताना 'पुस्‌-तक' असा तुटतो, तर लिहिताना 'पु-स्त-क' असा. 'चष्मा' उच्चारताना 'ष्‌' हा ध्वनी पहिल्या तुकड्यात राहतो. लिपी त्याला दुसऱ्या अक्षराशी जोडते. जोडाक्षरे लिहिताना होणाऱ्या चुकांचे एक मूळ येथे आहे. मूल ऐकते ते बरोबर ऐकते, पण लिपी तो ध्वनी दुसऱ्या घरात बसवते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

शिक्षिकेने 'कमळ' या शब्दाला तीन टाळ्या वाजवायला लावल्या आणि मुलाने कानाला प्रमाण मानून दोन वाजवल्या, तर चूक कोणाची मानावी? उत्तर भाषेनुसार बदलते. हिंदी व मराठीत अंत्य 'अ' उच्चारला जात नाही, त्यामुळे 'कमल' दोन टाळ्यांचा होतो. कन्नड किंवा तेलुगूत अंत्य स्वर पूर्ण उच्चारला जातो आणि तोच शब्द तीन टाळ्यांचा ठरतो. एका भाषेतील खेळ दुसरीत जसाच्या तसा नेला की गोंधळ होतो. यावर सोपा मार्ग असा की, आरंभी 'मामा', 'काका', 'पाटी' असे जुळणारे शब्द घ्यावेत. टाळी बोललेल्या तुकड्याला द्यावी. पुढे अक्षरे शिकवताना प्रत्येक अक्षरासाठी जमिनीवर एक चौकोन आखून त्यावरून पाऊल टाकण्याचा वेगळा खेळ घ्यावा. टाळी कानाची आणि पाऊल लिपीचे, एवढा भेद मुले सहज पाळतात.

याच संदर्भात बाराखडीच्या पाठांतराचा उल्लेख आवश्यक ठरतो. सुरात बाराखडी म्हणणे ही आपल्याकडील जुनी पद्धत असून तिची लय मुलांना आवडते. तथापि, संपूर्ण बाराखडी बिनचूक गाणारे मूल मध्येच कोठेतरी बोट ठेवल्यावर गोंधळते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. तेथे गाणे पाठ झालेले असते, ध्वनी मात्र सुटा झालेला नसतो. कन्नड माध्यमातील मुलांच्या वाचनाचा अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांच्या संशोधनात असे दिसले की, अक्षरांवर प्रभुत्व येण्यास पहिली इयत्ता पुरत नाही. ही प्रक्रिया तिसरी-चौथीपर्यंत चालू राहते. भारतीय लिपीतील चिन्हांची संख्या पाहता यात नवल नाही. वर्षभरात बाराखडी 'संपवण्याची' घाई येथे उपयोगी पडत नाही.

वर्णमाला : तोंडाचा नकाशा

देवनागरी वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांनुसार लावलेला आहे, हे व्याकरणाच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. 'क' वर्ग कंठात, 'च' वर्ग टाळूपाशी, 'ट' वर्ग मूर्धेत, 'त' वर्ग दातांपाशी आणि 'प' वर्ग ओठांवर. म्हणजे वर्णमाला घशापासून निघून ओठांपर्यंत येणारा प्रवास आहे. पाठांतराच्या ओघात त्यातील हालचाल हरवली. ती लहान मुलांना परत देता येते.

उजव्या हाताचा पंजा म्हणजे जीभ आणि डाव्या हाताची उभी बोटे म्हणजे दात, असे मानून 'त' म्हणताना उजवी बोटे सरळ नेऊन 'दातां'ना टेकवायची. 'ट' म्हणताना तीच बोटे मागे वळवायची. 'प', 'ब', 'म' म्हणताना दोन्ही तळवे ओठांप्रमाणे मिटायचे. नाक चिमटीत धरून 'म' म्हणण्याचा प्रयत्न केला की तो अडतो आणि मुले खदखदून हसतात. अनुनासिक म्हणजे काय, हे त्या हसण्यात त्यांना कळलेले असते. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून आधी 'ब' आणि मग 'भ' म्हटले असता दुसऱ्या वेळी ती अधिक हलते. महाप्राण या शब्दातील 'प्राण' तो हाच.

गळ्यावर हात ठेवून घोष आणि अघोष ध्वनी ओळखण्याचा खेळही प्रचलित आहे. तो बहुधा 'क' आणि 'ग' घेऊन केला जातो व फसतो. कारण दोन्हींत मिसळलेल्या 'अ' स्वरामुळे गळा दोन्ही वेळा थरथरतो. त्याऐवजी सापाचा लांबवलेला 'स्‌' आणि भुंग्याची गुणगुण घ्यावी. पहिल्या आवाजात गळा शांत राहतो आणि दुसऱ्यात कंप पावतो. मुलांनी साप होऊन सरपटावे, भुंगा होऊन फिरावे आणि थांबून गळा चाचपावा.

मराठीपुरते पाहिले तर येथे आणखी दोन पेच आहेत. 'चहा' आणि 'चमचा' या शब्दांतील 'च' लिहिताना एकच असला तरी उच्चार दोन आहेत. पहिला टाळूचा, दुसरा दातांजवळचा. मराठी घरातील मुलाला हा फरक न शिकवता येतो. दुसरी मातृभाषा असलेल्या मुलाला तो ऐकवावा लागतो. दुसरा पेच 'ळ' या वर्णाचा. प्रमाण हिंदीत हा ध्वनी नाही. दिल्ली किंवा लखनौच्या शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाच्या कानावर तो फक्त घरी पडतो आणि काही वर्षांत 'बाळ' व 'बाल', 'काळ' व 'काल' यांची सरमिसळ होऊ लागते. गुजरातीत आणि कन्नडमध्ये 'ळ' असल्याने बडोदे किंवा बेळगावच्या मुलांना ही अडचण तितकीशी जाणवत नाही. 'काल' म्हटले की बसायचे आणि 'काळ' म्हटले की उभे राहायचे, असा पाच मिनिटांचा खेळ घरी रोज खेळता येतो. वर्कर यांच्या प्रयोगातील बाळांना जे ऐकायला मिळाले नाही, ते या मुलांना मिळत राहते.

मोराची केका, कावळ्याची हाक

ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद कानाला पटवण्याची एक सुंदर युक्ती 'पाणिनीय शिक्षा' या प्राचीन ग्रंथात आहे. चाष पक्ष्याचा आवाज एका मात्रेचा, कावळ्याचा दोन मात्रांचा, मोराचा तीन मात्रांचा आणि मुंगसाचा अर्ध्या मात्रेचा, असे त्यात नोंदवलेले आहे. उच्चाराचा काळ मोजण्यासाठी परिचित प्राण्यांचे आवाज वापरणारा हा ग्रंथकार कोणत्याही बालवाडीत शोभला असता. वैदिक पठणाच्या काही परंपरांत, विशेषतः शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत, स्वरांनुसार हात वर, खाली आणि बाजूला नेण्याची पद्धत आजही पाळली जाते. ध्वनी हाताने दाखवणे आपल्याला परके नाही.

वर्गात याचे रूप साधे असते. 'मळ' म्हणताना एक छोटे पाऊल, 'माळ' म्हणताना एक लांब पाऊल. 'कर' आणि 'कार', 'घर' आणि 'घार'. 'अ' आणि 'आ' यांच्या बाबतीत ही पद्धत उत्तम चालते. मात्र प्रचलित मराठी उच्चारात 'इ-ई' आणि 'उ-ऊ' यांतील भेद फारसा उरलेला नाही. 'दिन' आणि 'दीन' बहुतेकांच्या तोंडी सारखेच ऐकू येतात. तेथे कानावर भिस्त ठेवून शुद्धलेखन येणार नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे.

तबल्याचे, मृदंगाचे आणि नृत्याचे बोल हे या शिक्षणाचे तयार भांडार आहे. भारतीय तालपरंपरेत विद्यार्थी वाद्यावर हात ठेवण्यापूर्वी बोल तोंडाने म्हणतो. कथकमध्ये हाताने ताल धरून बोल म्हणण्याला 'पढंत' म्हणतात. मग तेच बोल पायांत उतरतात. तोंड, हात आणि पाय असा हा क्रम आहे. तबल्यावर उजव्या हाताचा 'ता' किंवा 'ना' आणि डाव्या हाताचा 'गे' एकाच वेळी वाजले की 'धा' होतो. दोन नाद मिळून तिसरा होतो, ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला प्रत्यक्ष ऐकता येते. कर्नाटक संगीतात तर तालाच्या मोजमापाच्या एककालाच 'अक्षर' असे नाव आहे. आदितालाची आठ अक्षरे टाळी, बोटांची मोजणी आणि हात उलटा करण्याच्या खुणा यांनी मोजली जातात. महाराष्ट्रातील भोंडला, झिम्मा व फुगडी, गुजरातचा गरबा, पंजाबची किकली हे सारे फेर धरून, टाळी देऊन आणि शब्द म्हणून खेळले जाणारे प्रकार आहेत. त्यांचा शिक्षणात वापर करताना सणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

जिनिव्हा ते कोसबाड

युरोपात या विचाराला शिस्तबद्ध रूप देणारे पहिले मोठे नाव एमिल जाक-डालक्रोझ यांचे. १८६५ मध्ये व्हिएन्ना येथे जन्मलेले डालक्रोझ जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवत असत. कागदावर स्वररचना अचूक सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना ती मनात ऐकू येत नाही आणि वाद्यावर ताल चुकणारे विद्यार्थी चालताना मात्र नियमित पावले टाकतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून चालण्या-धावण्यातून संगीत शिकवण्याची त्यांची पद्धत आकारास आली. हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोडाय यांच्या प्रेरणेने गायनाला प्राथमिक शिक्षणात स्थान मिळाले आणि १९५० मध्ये केचकेमेट येथे गायनप्रधान प्राथमिक शाळा सुरू झाली. स्वरांसाठी हाताच्या खुणा त्यांच्या पद्धतीत इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांच्याकडून आल्या.

जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या कार्याचा रेडिओशी असलेला संबंध येथे नोंदवण्याजोगा आहे. १९४८ मध्ये बव्हेरियाच्या नभोवाणीने त्यांना मुलांसाठी, मुलांनीच वाजवायच्या संगीताचे कार्यक्रम तयार करण्यास सांगितले. गुनिल्ड केटमन या सहकारी होत्या. चुटकी, टाळी, मांडीवर थाप आणि पायाचा ठोका ही वाद्ये प्रत्येक मुलाजवळ जन्मतः असतात, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात तो व्यवहार्यही ठरला.

भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले आणि १९२६ मध्ये ताराबाई मोडक यांच्यासह नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. डॉ. मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या व मद्रासमध्ये अड्यार येथे त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. नादाच्या डब्या, रेषेवरून चालणे, हलणेही न करता भोवतालचे बारीक आवाज ऐकण्याचा 'शांततेचा खेळ' आणि बोटाने गिरवत ध्वनी उच्चारण्याची खरखरीत अक्षरे ही त्यांच्या पद्धतीची वैशिष्ट्ये. मात्र ही साधने महाग होती. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारली पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा अंगणात न्यावी, या विचारातून तेथे अंगणवाडीचा प्रयोग झाला. दुकानातील साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने आणि काड्या आल्या. ज्या समाजात तारप्याच्या सुरावर हातात हात गुंफून नाचले जाते, तेथील मुलांना ताल बाहेरून आणून देण्याची गरज नव्हती.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पोषण भी, पढाई भी' या उपक्रमातून सेविकांना बालशिक्षणाचे प्रशिक्षण देण्यात येत आहे. आहारवाटप, लसीकरणाच्या नोंदी, गृहभेटी आणि मोबाइलवरील माहिती भरण्याचे काम सांभाळणाऱ्या सेविकेकडून रोज नव्या खेळांची अपेक्षा ठेवताना तिच्या वेळेचा हिशेबही मांडला गेला पाहिजे. टाळी आणि पाऊल यांना खर्च नाही. वेळ मात्र लागतो.

गाणे लावले म्हणजे झाले का?

अनेक बालवाड्यांत आता ध्वनिवर्धकावर गाणे लावले जाते आणि मुले पडद्यावरील हातवाऱ्यांची नक्कल करतात. यात मौज असते, व्यायामही होतो. पण गाण्याचा वेग यंत्राने ठरवलेला असतो. अडखळणाऱ्या मुलासाठी ते थांबत नाही. आवाज मोठा असेल तर शब्दांतील व्यंजने बुडून जातात. शिक्षिकेच्या स्वतःच्या आवाजातील, थोडे बेसूर असले तरी हळू करता येणारे, मधेच थांबून 'आता कोणता शब्द?' असे विचारता येणारे गाणे ध्वनिशिक्षणासाठी अधिक उपयुक्त ठरते.

केवळ गाण्याने वाचन येते, असा दावाही कोणी करू नये. ब्रॅडली आणि ब्रायंट यांच्या प्रयोगात ध्वनींचे वर्गीकरण शिकवलेल्या मुलांपैकी ज्यांना त्यासोबत अक्षरेही हाताळायला दिली होती, त्यांची प्रगती सर्वाधिक झाली. नाद आधी यावा, पण अक्षराने फार मागे राहू नये. केंब्रिज विद्यापीठातील उषा गोस्वामी यांच्या संशोधनानुसार, वाचन-अक्षमता असलेल्या अनेक मुलांना बोलण्यातील आवाज कसा चढतो आणि कोठे ठोका पडतो, हे टिपणे जड जाते. अशा मुलांना ठेक्याचे खेळ अधिक काळ आणि अधिक संथ द्यावे लागतात. मूल टाळी चुकते म्हणून त्याला फेराबाहेर बसवणे हा यातील सर्वांत उलटा उपाय होय.

टाळी चुकण्याचे आणखी एक कारण असू शकते. सर्दी-पडशानंतर मध्यकर्णात द्रव साचल्यास लहान मुलांना काही आठवडे कमी ऐकू येते. काहींना जन्मतःच श्रवणदोष असतो. अशी मुले वर्गात सहसा लक्षात येत नाहीत. कारण ती शेजाऱ्याकडे पाहून क्षणभर उशिरा टाळी वाजवतात आणि 'लक्ष नाही' असा शिक्का त्यांच्यावर बसतो. स्कॉटलंडच्या तालवादक एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत जवळपास गेली होती. त्या अनवाणी उभ्या राहून तळपायांनी आणि अंगाने कंपने टिपत वादन करतात. श्रवणदोष असलेल्या मुलाला ढोलकीच्या पुडीवर तळवा ठेवू द्यावा, छातीशी फुगा धरून मोठ्या पडघमाचे कंप जाणवू द्यावेत. ठेका त्याच्यापर्यंत पोहोचतो. मात्र बोलण्यातील 'त' आणि 'थ' कंपनांतून पोहोचणार नाहीत. त्यासाठी वेळेवर तपासणी, श्रवणयंत्र किंवा खुणांची भाषा हवी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून अंगणवाड्या व शाळांतील मुलांची आरोग्यतपासणी केली जाते आणि तिच्यात श्रवणदोषाचा समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. तपासणीचे पथक येईपर्यंत शिक्षिकेला एक गोष्ट स्वतः करून पाहता येते. टाळीचा खेळ चालू असताना मुलांना भिंतीकडे तोंड करून उभे करावे, म्हणजे कोणी कोणाचे हात पाहू शकणार नाही, आणि मागून हलकेच दोन ठोके द्यावेत. जे मूल पुन्हापुन्हा त्यांना उत्तर देत नाही, त्याच्या आई-वडिलांना त्याच दिवशी बोलावून कानांची तपासणी करून घेण्यास सांगावे.